नव्वद सेकंदांचा नियम

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो, आणि माझ्यावरचा आरोप आधीच सांगून टाकतो: मी मध्येच अडकतो. आरोप खरा आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर, रविवारी सकाळी. त्या घरात एक खेळ चालतो. प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो आणि सूत्रधार गोष्ट पुढे नेतो. सूत्रधार होती घरातली ताई. तिचे नकाशे, पात्रांच्या नोंदी, कोणाची पाळी कधी, फासेसुद्धा, सगळं माझ्या पोटात. "हा नसता तर माझं डोकं फुटलं असतं," असं ती आत्याला सांगायची आणि मी फुगायचो. टॅबने फुगणं बरं नसतं, पण राहवायचं नाही.

बाबांचं गॅरेज होतं. माझी चार्जिंगची जागा सैल झाली तेव्हा त्यांनीच चिमटा घेऊन ती नीट केली. खेळात ते पुलाचे राखणदार होते आणि स्वभावाने भलते उतावळे. धाकटा मुलगा विचार करत बसला की ओरडायचे, "अंडी उबवतोयस का?" नव्वद सेकंदांचं घड्याळ माझ्यात त्यांनीच लावायला लावलं. वेळ संपली की पाळी गेली, गयावया चालणार नाही.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द उशिरा येऊ लागले. दुकानदार, शेजारी, सगळे त्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडून स्वतःच पुरं करत. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. फक्त रविवारी टेबलाशी येऊन बसत. ताईने घड्याळ काढायला बोट पुढे केलं, तर त्यांनी डाव्या हाताने ते बाजूला सारलं. त्यांना सवलत नको होती. पाच रविवार त्यांची पाळी तशीच गेली. दर वेळी शून्य मला दाखवावं लागलं, आणि मला माझीच चीड आली.

सहाव्या रविवारी गोष्ट पुलावर आली. मागे शत्रूची फौज, पूल एका दोरावर लटकलेला आणि मधोमध धाकट्याचं पात्र. बाबांनी या पाळीत काही केलं नाही तर पूल दोघांना घेऊन दरीत जाणार होता. आणि मेलेलं पात्र परत येत नाही, हा त्या घराचा दुसरा नियम.

"त्याचं पात्रच मेलं, तर माझा दादा या टेबलावर तरी कशाला येईल?" आत्या सकाळीच ताईला हळूच म्हणाली होती.

"बाबा, तुमची पाळी," ताई म्हणाली.

नव्वद. बाबांचे ओठ हलले. साठ. "दो... दो..." तीस. धाकटा नखं खाऊ लागला. मला आकडे कमी करायचे नव्हते, पण माझं कामच ते. दहा. आठ.

तेवढ्यात ताईने पुढच्या पाळीचे सैनिक नकाशावर उतरवले. वीसच्या वर मला झेपत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चाळीस उतरवले. घड्याळ चारवर थांबलं.

"परत अडकला हा डबा!" धाकट्याचा हात माझ्या बटणाकडे आला. "बंद करून चालू करतो."

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

धाकट्याने हात मागे घेतला.

"दोर..." बाबा म्हणाले. बराच वेळ गेला. "दोर... मी धरलाय. तू पळ." मग धाकट्याकडे बघून, एकेक शब्द ओढत, "अंडी... उबवतोयस... का?"

आत्या हसता हसता रडायला लागली. मी भानावर आलो. बाबांनी डाव्या अंगठ्याने माझ्यातला वीस बाजूंचा फासा टाकला. बारा हवे होते, तेरा पडले. पूल टिकला.

आता घरात नवा टॅब आलाय. तो कधीच अडकत नाही, म्हणून रविवारी ताई मलाच बाहेर काढते. मित्रांनो, एखादा हळू चालत असेल तर लगेच त्याचं बटण दाबू नका. थोडं थांबा. आणि ते चाळीस सैनिक कोणी उतरवले, हे बाबांना अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.