दारं लागली की

"वर घे. अजून. अगं, माझ्याकडं काय बघतेस, बिजागरीकडं बघ."

"बाबा, तुमची बाजू खाली येतेय."

"माझी खाली येत नाहीये, तुझी वर जातेय."

गाडीचं दार दोघांच्या हातांत होतं. वडिलांच्या हातांना काही वर्षांपासून कंप होता. आज तो पत्र्यातून थेट तिच्या बोटांपर्यंत पोचत होता. तिनं गुडघा दाराखाली दिला, सगळं वजन आपल्याकडं घेतलं आणि बिजागरीत वरची खीळ सरकवली. मग वाकून खालची. दोघं मागं सरले. फार मागं सरायला जागा नव्हतीच, पाठी लगेच भिंतीला टेकल्या.

ही मुळात घराची पुढची खोली. रस्त्याकडची भिंत पाडून वडिलांनी तिथं शटर बसवलं होतं आणि खोलीत गाडी आणली होती. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, उघडी स्पर्धेची गाडी. एका बंद कारखान्याच्या आवारात ती झाडाखाली सडत पडली होती. आणली तेव्हा तिच्या तळातून गवत वर आलेलं होतं आणि बोट टेकवलं की पत्र्याचा भुगा पडत होता. तेव्हापासून घरातून बाहेर पडायचं तर पोट आत ओढून, गाडीला वळसा घालूनच पडावं लागे. मुलगी रोज तशीच कामाला जाई आणि तशीच परत येई. एका प्रयोगशाळेत ती दातांच्या कवळ्या आणि टोप्या घडवायची. चाळिशी उलटली होती. तिच्या प्रत्येक ओढणीला कुठं ना कुठं गंजाचा एक तपकिरी ओरखडा होता.

"लाव आता," वडील म्हणाले. "मिस्त्री तू आहेस."

त्यांचे हात चालेनासे झाल्यावर वेल्डिंग तीच करू लागली होती आणि तेव्हापासून वडील तिला मिस्त्री म्हणत.

तिनं तळहातानं दार ढकललं. ते सुरेख फिरलं, आणि शेवटच्या चार बोटांवर टक्कन अडलं. पुन्हा ढकललं. पुन्हा टक्क. वरच्या कोपऱ्यात दाराची कड मागच्या खांबावर चढत होती. खालच्या कोपऱ्यात मात्र आख्खा अंगठा जाईल एवढी फट.

तिला कळायला वेळ लागला नाही. छप्पर असलेली गाडी डब्यासारखी असते, कुठूनही धरली तरी आकार सोडत नाही. उघड्या गाडीचं तसं नाही. तिची सगळी ताकद दाराखालच्या दोन उंबऱ्यांत असते. गंजलेले उंबरे कापून नवे बसवायचे, तर आधी पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी गज आडवे जोडून टेकू द्यावा लागतो. नाहीतर गाडी जुन्या खाटेसारखी मधे बसते. तिनं टेकू दिले होते. दोन वर्षं खपून, एकेक पट्टी जोडत उंबरे नवे केले होते. आज सकाळी टेकू कापले तेव्हा गाडी केसभरही हलली नव्हती आणि दोघांनी एकमेकांकडं पाहून हसूनही घेतलं होतं. पण टेकू देण्याआधीच गाडी मधे बसलेली असेल, तर मग त्या टेकूंनी वाकडेपणच धरून ठेवला होता, आणि तिनं उंबरे त्या वाकडेपणाला जोडले होते.

ती वडिलांकडं वळली. एरवी केसाएवढी फट दिसली की ते भिंग आणायला धावत. आता ते फडक्यानं हात पुसत उभे होते.

"बाबा, वाकून बघा ना."

"दिसतंय की इथून."

"काय दिसतंय?"

"बसलीय मधे."

"आणि तुम्हाला आश्चर्य नाही वाटत?"

ते फडकं घडी करू लागले. काळं, तेलकट फडकं, त्याची चार पदरी घडी.

तेवढ्यात आत्या चहाचे पेले घेऊन दारात आली. ती वडिलांची धाकटी बहीण. गेल्या वर्षी नवरा गेल्यावर ती इथं राहायला आली होती. "लागलं का दार? की आज पुन्हा रुसली ही बया? दादा, अरे माणसांची लग्नं लागतात एवढ्या वेळात, आणि तुझं एक दार लागेना!"

कुणी हसलं नाही.

"अगं बाई," ती म्हणाली आणि पेले गाडीच्या नाकावर ठेवून आत गेली. नाकावर काही ठेवलेलं वडिलांना खपत नसे. आज त्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

"टेकू द्यायच्या आधी दारं बसवून बघायची असतात ना?" मुलीनं विचारलं.

"असतात."

"मग तुम्ही ती काढून तुमच्या खोलीत का नेलीत?"

"खाली गंज होता त्यांना."

"बाबा."

ते स्टुलावर बसले. "गाडीखाली आधाराला लावलेला मधला घोडा मीच काढला होता, तू टेकू जोडलेस त्याच्या आदल्या दिवशी. सारखा पायात येत होता. म्हटलं, पुढचा आणि मागचा आहे की. झोपताना लक्षात आलं, गाडी नुसती दोन टोकांवर उभी आहे. सकाळी उठून बघतो तर तू टेकू जोडून मोकळी."

"मग सांगायचं ना! एका सकाळचं काम होतं. वेल्डिंगचे चार टाके कापायचे, परत मारायचे."

"सांगणार होतो. त्याच दिवशी जेवताना तू त्या गावाचं काढलंस."

त्या दिवशीचं जेवण तिला आठवलं. तिच्या जुन्या वर्गमैत्रिणीनं समुद्रकाठच्या एका गावात स्वतःची प्रयोगशाळा काढली होती आणि तिला बोलावलं होतं. राहायला वरची खोली, खोलीला दोन खिडक्या. वडिलांनी चमचा खाली ठेवला होता आणि म्हणाले होते, "जा की. मी कुठं अडवतोय? फक्त दारं लागू देत. दारं लागली की जा." तिनं त्यावर विश्वास ठेवला होता. याआधी थांबायला कारण इंजिन होतं, त्याआधी आईचं आजारपण होतं. त्या मानानं दारं म्हणजे अगदी हाताशी आलेली गोष्ट वाटली होती.

"म्हणजे दारं लागणार नाहीत हे ठाऊक होतं तुम्हाला. ठाऊक असून म्हणालात."

"उंबरे परत कापू," ते घाईनं म्हणाले. "आता तुझा हात बसलाय. या वेळी घोडे नीट लावू, दारं गाडीच्या अंगावर ठेवूनच सगळं करू. फार नाही लागायचं. दीडएक वर्ष."

त्यांच्या आवाजात एक हलकेपण होतं, ते त्यांना लपवता आलं नाही. तिला ते ऐकू आलं आणि ती आत गेली.

मोरीत ती बराच वेळ हात धूत राहिली. समोरची खिडकी शेजारच्या भिंतीकडं उघडायची; भिंतीवरच्या पावसाळी नळाचा गळका जोड तिला पाठ होता. आत्या मागं येऊन उभी राहिली.

"काय म्हणतो?"

"दीड वर्ष म्हणतात."

"त्याचं काय ऐकतेस! मी आहे ना इथं. दोन वेळचं करून घालीन, औषध गिळलं की नाही बघेन. दादाला मी लहानपणापासून ओळखते. त्याला सोबत नाही लागत, त्याला श्रोता लागतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या त्या मैत्रिणीचा दोनदा फोन येऊन गेला. मी म्हटलं, हात तेलाचे आहेत."

तिनं हात पुसले आणि फोन लावला.

"आज तरी हो म्हण बाई," मैत्रीण म्हणाली. "माझ्या टेबलावर दाढांचा ढीग पडलाय. संध्याकाळी ती दुसरी मुलगी येतेय भेटायला. तिला काय सांगू?"

"सांग, जागा भरली."

"खरंच? गेल्या वेळेसारखं नाही ना?"

"नाही. दारं लागली."

फोन ठेवला तेव्हा आत्या तिच्याकडं बघत होती. मग तिनं कोपऱ्यातला पत्रा घासायचा ग्राइंडर उचलून हातात दिला, जसं काही डबा विसरून निघालेल्या माणसाला डबा द्यावा.

वडील अजून स्टुलावरच होते. चहा तसाच होता. तिनं चष्मा चढवला, ग्राइंडरची वायर जोडली आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यापाशी उभी राहिली.

"हे काय?"

"कड घासतेय."

"असं करायचं नसतं, मिस्त्री. तिथं बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलाय. दुमड कापलीस की दार कायमचं गेलं. आणि गाडी वाकडी ती वाकडीच राहणार. दार कापून गाडी सरळ होते का?"

"माहितेय. तुम्हीच शिकवलंय."

"मग?"

"मग काय? कोण बघणार आहे?"

"मी," ते म्हणाले. "मी बघणार आहे ना. रोज."

तिनं ग्राइंडर खाली धरला. खोलीत कुणी हललं तरी दुसऱ्याला लागेल एवढीच जागा, त्यामुळे दोघं हलले नाहीत.

"मी आत्ता नाही गेले ना बाबा, तर दीड वर्षानं तुम्हाला मागच्या डिकीत गंज सापडेल."

वडील गुडघ्यांवर हात देत उठले, शर्टाच्या खिशातून खडू काढला आणि तिला जरा बाजूला सारून दाराशी वाकले. वरच्या कोपऱ्यापासून खाली त्यांनी रेघ ओढली.

"इथपर्यंत. याच्या आत गेलीस तर पत्रा उकलेल. घासून झालं की लगेच दुमड शिवून घे, बारीक टाके मार. गरम करू नकोस फार."

हात कापत असल्यामुळं रेघ नागमोडी आली होती. तिनं ती पुसली नाही. तिच्यावरूनच घासत गेली. ठिणग्या भिंतीवर उडाल्या, खोलीभर जळक्या रंगाचा वास झाला. टाके मारताना वडिलांनी पलीकडून ओलं फडकं पत्र्याला लावून धरलं.

मग तिनं दार ढकललं. ते लागलं. चांगलं दार लागतं तेव्हा एकच भरीव आवाज येतो. इथं आधी एक आला आणि मागून दुसरा, सैल.

"लागलं की!" आत्या आतून ओरडली. "दादा, लागलं ना?"

"हो," वडील म्हणाले. "लागलं."

संध्याकाळी ती बॅग भरत होती. कपडे थोडेच होते, दातकामाची हत्यारं जास्त. आत्यानं ताटं घेतली आणि हाक मारली तरी वडील आले नाहीत, म्हणून ती त्यांना बोलवायला पुढच्या खोलीशी आली आणि चौकटीतच थांबली.

दिवा त्यांनी खाली ओढून घेतला होता. दुसरं, उजवीकडचं दार एकट्यानं आपल्या खोलीतून ओढत आणून स्टुलावर आडवं टाकलं होतं. चष्मा नाकाच्या टोकावर. डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं आणि वरच्या कोपऱ्यावर खडू सावकाश पुढं सरकवत होते. रेघ मधेच हलली. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली, मनगट पुन्हा धरलं आणि पहिल्यापासून ओढायला घेतली.

"येताय ना दोघं?" आत्यानं आतून विचारलं. "वाढलेलं निवतंय."

"येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांचं थोडं राहिलंय."