सुटे अक्षर

वडिलांनी निवासी शाळेच्या माहितीपत्रकाची कोरी कड नखाने दुमडून सरळ फाडली, गुडघ्यावर ठेवून तिच्यावर एक ओळ लिहिली आणि मुलीच्या डोक्यावरून आईकडे दिली. आईने वाचली, खाली उत्तर लिहिले. चिठ्ठी त्याच वाटेने परत गेली. दोघांच्या मधोमध बाकावर बसलेली दहा वर्षांची मुलगी समोरच्या भिंतीवरचे ओलीचे डाग पाहत होती.

घरात तीन वर्षे हेच चालले होते. मुलीच्या कानावर पडू नये ते कागदावर उतरत असे. छापील ओळ समोर आली की तिला अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढलेली दिसत. अख्ख्या दिवसात पुस्तकाचे एक पान तिच्याने होत नसे. तिच्यासमोर बोलायची चोरी होती. लिहायची नव्हती.

"राणीसरकार, पाय हलवू नका," वडील मुलीला म्हणाले. "दोन शाळांत शोभा झाली तेवढी पुरे."

"अहो, आत जाऊन भलतंच काही बरळली तर?"

"बरळू दे की. लगेच घेतील."

आईला हसू आवरले नाही. तिने चिठ्ठीचा बोळा करून मुलीच्या हातात ठेवला.

"जा, टाकून ये."

हे कामही नेहमी तिचेच असे.

मुलीला आत बोलावले. वाचता न येणाऱ्या मुलांपैकी कुणाला ठेवून घ्यायचे ते वाचनाच्या बाई ठरवत. त्यांनी पुढे केलेल्या पानावर ती तीन शब्द चालली, चौथ्याशी थांबली. वरच्या ओठावर घामाचे थेंब आले.

"राहू दे. तुला वाचता येतं असं काहीच नाही का गं?"

मुलीने खिशातून बोळा काढला आणि तळहाताने टेबलावर सपाट केला.

"ही शाळा सुट्टीतही ठेवून घेते. हीच बरी." तिने न अडखळता वाचले. मग बोट खालच्या ओळीवर नेले. "हे आईचं आहे. तिरकं असतं, वेळ लागतो. भेटायला... वर्षातून... एकदाच. तेवढं... जमवू."

बाईंनी चष्मा काढला.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बाबा ऑफिसात नकाशे काढतात ना, त्यांचं अक्षर सुटं असतं. एकाला दुसरं चिकटत नाही."

"अशा किती वाचल्यास?"

"सगळ्या. टाकायला मलाच देतात."

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. पण तीस वर्षे ज्या कुलपाशी त्या झगडत होत्या, त्याची किल्ली टेबलावर पडली होती, आणि तो आनंद त्यांच्या शहाणपणाच्या पुढे धावला. चिठ्ठी फायलीखाली सरकवून त्यांनी आईवडिलांना आत बोलावले.

"हिला इथं राहायची गरज नाही. सुटी, ठळक अक्षरं दिली की ही वाचते. रोज तासभर तुम्ही लिहून द्या, वर्षभरात मार्गाला लागेल. घरी शिकू शकणारी मुलं आम्ही ठेवून घेत नाही."

"ही? वाचते?" आईने खुर्चीची पाठ धरली. "काहीतरी गैरसमज होतोय, बाई."

"मग लिहून बघा ना. काहीही लिहा, तुमच्या हातानं."

वडिलांनी पेन्सिल घेतली. नकाशावर त्यांची रेघ कधी थबकत नसे. आज टोक कागदाच्या वर बोटभर अधांतरी राहिले. बाई पाहत होत्या. मग वडिलांनी लिहिले: आईबाबांना तू घरी हवी आहेस. प्रत्येक अक्षर खांबासारखे ताठ, दोन अक्षरांमध्ये वारा खेळेल एवढी जागा.

कागद मुलीपुढे आला.

तिची नजर डावीकडून उजवीकडे एकदाच गेली आणि ओळीच्या शेवटी थांबली. तिने वर पाहिले. आई पर्सचा खटका उघडत होती, मिटत होती. वडील मुलीकडे टक लावून पाहत होते. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे कधी पाहिले नव्हते, आणि त्या डोळ्यांत विनवणी होती.

मुलीने पहिल्या अक्षरावर बोट ठेवले.

"मी... मा..." ती थांबली. "नाही येत."

"मघाशी वाचलंस की," बाई हळूच म्हणाल्या. "नीट बघ, बाळा. सुटी आहेत."

"नाही. सगळी चिकटलीत."

वडिलांनी सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला.

"आम्ही म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले.

"मग हिला केव्हा आणून सोडायचं?" आईने विचारले.

बाई मुलीकडे पाहत होत्या.

"आजच," मुलगी म्हणाली.