न धुतलेलं कापड

"पान, पान, मोकळं. पान, पान, मोकळं. तुझं मोकळं कुठे गेलं रे?" बाईंनी विचारलं, तसं त्या मुलाने मधलं जास्तीचं पान उचलून खिशात कोंबलं.

तिसरीचा वर्ग शाळेच्या गच्चीवर उकिडवा बसला होता. प्रत्येकापुढे पुठ्ठा, त्यावर औषध लावून अंधारात वाळवलेलं पिवळट कापड आणि कापडावर पानं, किल्ल्या, कंगवे, बटणं. ऊन लागेल तेवढं कापड धुतल्यावर निळं होणार, वस्तूखाली झाकलेलं पांढरं राहणार. कापडालाही ताल असतो, वस्तू किती अंतराने परत येते त्यावर तो ठरतो, हे चित्रकलेच्या बाई अठरा वर्षं टाळ्या वाजवून शिकवत होत्या. हेडमास्तरांचं म्हणणं, बाई चित्रकलेच्या तासाला कवायत घेतात.

कापडं बाईंनी आदल्या दिवशी एकेका काळ्या पिशवीत घालून वर्गाच्या कपाटात ठेवली होती. सकाळी गच्चीवर जाताना त्या शाळेतल्या मावशींना सांगून गेल्या, काळ्या पिशव्या सगळ्या काढून आणा. मावशींनी सगळ्या आणल्या. एकतीस मुलांना एकतीस मिळाल्या आणि आठ दिवसांपूर्वी दाखल झालेल्या, जिला वर्ग अजून 'नवी'च म्हणत होता, त्या मुलीलाही एक मिळाली. तिचं कापड करायचं राहून गेलं होतं, हे बाईंच्या ध्यानातच नव्हतं.

नवी बाईंजवळ येऊन घुटमळली. "बाई, माझ्या कापडावर आधीच कुणाचे तरी हात होते."

"कसले हात?"

"छोटे. दोन. कापड काळपट आणि हात तेवढे पिवळे. तुम्ही पटापट मांडा म्हणालात, म्हणून मी त्यावरच सगळीकडे बटणं मांडली."

ते हात कुणाचे, हे बाईंना लगेच कळलं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांच्या सात वर्षांच्या मुलाने घरी असंच कापड अंथरून त्यावर दोन्ही पंजे टेकले होते. वीस मिनिटं हलायचं नाही म्हणजे त्या वळवळ्याला शिक्षाच. मध्येच नाकाला खाज सुटली, ती बाईंनी खाजवून दिली. उठला तेव्हा त्याचं अंग कढत लागलं. त्यांनी घाईने कापड काळ्या पिशवीत घातलं, म्हणाल्या, उद्या धुऊ. दुसऱ्या दिवशी दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि महिना भरायच्या आत नवरा-बायको दोघंच घरी परतली.

नवरा म्हणायचा, एकदा धुऊन टाक, भिंतीवर लावू. बाई म्हणायच्या, उद्या. न धुतलेल्या कापडाला पुन्हा ऊन लागलं की सगळं पुसलं जातं, हे त्यांना का कुणी सांगायला हवं होतं? पण धुतलं की माय-लेकांनी मिळून सुरू केलेलं शेवटचं काम संपणार होतं. ते संपवायला त्यांचा हात धजत नव्हता. एकदा नवराच पिशवी उघडायला निघाला, तेव्हा त्यांनी ती शाळेत, वर्गाच्या याच कपाटात आणून ठेवली.

बाई नवीच्या पुठ्ठ्यापाशी गेल्या. कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं काळपट झालं होतं. पंजे कुठे होते, ते ओळखू येत नव्हतं. एखादं बटण उचलून बघावं असं फार वाटलं, पण उचललं असतं तर त्याखालचंही गेलं असतं. त्यांनी पुठ्ठा तसाच, बटण हलू न देता, जिन्याच्या सावलीत नेला. काही चुकलं का, मावशींनी विचारलं.

"तुमचं नाही मावशी. सगळ्या आणा, असं मीच म्हटलं होतं."

बादलीत पिवळं पाणी सुटलं आणि कापड निळं होत गेलं. बटणं मांडली होती चाळीस. ठिपके उमटले सात. चार एकीकडे, तीन दुसरीकडे. जिथे पंजा होता आणि पंज्यावर नेमकं बटण पडलं होतं, तेवढंच पांढरं राहिलं होतं. त्यांच्या लेकाचं आता एवढंच उरलं होतं.

"सगळ्यांचं आलं. माझंच नाही आलं," म्हणत नवी रडायला लागली.

कापडच जुनं होतं गं, असं सांगितलं असतं तर तिने ते तिथेच टाकून दिलं असतं, आणि बाईंना ते घरी नेता आलं असतं. पण दुसरं तयार कापड नव्हतं, आणि पोर नव्या शाळेतून रिकाम्या हाताने घरी गेली असती. बाई तिच्याशेजारी बसल्या. ठिपके बोटाने दाखवून चार टाळ्या वाजवल्या, थांबल्या, मग तीन. तिच्याकडून वाजवून घेतल्या. तिसऱ्या खेपेला अख्खा वर्ग वाजवू लागला आणि नवी नाक पुसून हसली.

मग बाईंना राहवलं नाही. "हे मला देशील? तुला मी दुसरं करून देते, याच्याहून मोठं."

नवीने ओलं कापड छातीशी धरलं. "नाही बाई. आईला दाखवायचंय."

"बरं," बाई म्हणाल्या.

सुटीपर्यंत कापडं दोरीवर वाळली. बाई एकेक उतरवून, कोपऱ्यात मुलाचं नाव घालून देत होत्या. ते कापड त्यांनी सगळ्यात शेवटी उतरवलं. नवीला तिचं पूर्ण नाव विचारलं, कापड मांडीवर ताणून धरलं, आणि एकही अक्षर न चुकता, सावकाश, ते सगळं नाव त्यावर लिहिलं.