दोन तारांची एक पोच

तारयंत्र गप्प होतं. काउंटरमागे तारबाबू जगदेव तारांच्या नोंदीची वही मिटून बसला होता. पुढे केशरबाई आणि तिचा मुलगा देवमन एकमेकांकडे न बघता उभे होते. अनसिंगच्या टपाल कचेरीत त्या दुपारी एवढीच तीन माणसं होती.

आधी केशरबाई बोलली.

“सांग बाबू याले. तूच म्हणला व्हता ना मले, तार पोचली म्हून? गिरणीचा भोंगा ऐकू येते याले, बापाची हाक नाही येत.”

देवमनचे वडील भिवाजी जाऊन पंधरा दिवस झाले होते. शेवटच्या हाकेला जो आला नाही त्याला मरण तरी कशाला कळवायचं, म्हणून नागपूरला गिरणीत असलेल्या देवमनला केशरबाईने पुढे काहीच धाडलं नाही. काल देवमन रजेवर आला तेव्हा वडील गेल्याचं त्याला एसटीच्या थांब्यावर समजलं. आईने पाणी उंबऱ्याबाहेर आणून दिलं. आत ये म्हटलं नाही.

“मले एकच तार भेटली,” देवमनने घडीचा कागद काउंटरवर ठेवला. वडील बरे आहेत, येऊ नको, एवढंच त्यावर होतं.

जगदेवने वही उघडली. तार धाडली त्या दिवशी वाऱ्याने तारा झोडपून काढल्या होत्या. भिवाजीला बरं वाटलं म्हणून केशरबाईने दिलेली ही पहिली तार पुढे नागपूरला जाण्यासाठी त्याने वाशीमला तीनदा वाजवली, दर वेळी नेमाची दोन मिनिटं वाट पाहिली. पोच आली नाही. चौथ्यांदा वाजवणार तोच केशरबाई धावत आली. भिवाजीला एकाएकी घरघर लागली होती. पहिली तार तशीच सोडून त्याने दुसरी वाजवली: वडील अत्यवस्थ, ताबडतोब ये. बोट कळीवरून उचलतो न उचलतो तोच पोच आली.

पोचेसोबत तारेचा नंबर द्यायचा असा नियम होता. वाशीमचा रामराव आणि जगदेव, दोघांनी तो वर्षानुवर्षं पाळला नव्हता. लघु, दीर्घ, लघु. ‘मिळाली’ एवढंच सांगणाऱ्या या एका अक्षरावर त्यांचं भागत असे. मात्र रामराव आलेली तार एकदा पुटपुटून वाची, मगच पोच देई. त्या दिवशी पोच फार लवकर आली होती. ‘कोणती?’ एवढं विचारायचं जगदेवच्या मनात येऊन गेलं. समोर बाई रडत होती. त्याने पोच दुसऱ्या तारेपुढे नोंदवली आणि तिला म्हटलं, पोचली.

तेव्हापासून ते तीन ठोके त्याला निपचित यंत्रातून ऐकू येत. विहिरीवरही, जेवतानाही ते वाजत, आणि त्याचा हात घासासकट थांबे.

त्याने वही त्यांच्याकडे फिरवली. पहिल्या तारेपुढचा कोरा रकाना बोटाने दाखवला.

“ती पोच पयल्या तारेची व्हती, मावशी. उशिरा आली. दुसरी पोचलीच नाही. कोणती पोचली, ते मी विचारलं नाही.”

केशरबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती त्या रकान्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मुलाकडे पाहिलं. तिचा हात त्याच्या बाहीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

“तारेनंतर दोन दिवस जित्ता व्हता म्हणे बा,” देवमन हळूच म्हणाला. “तुनं काय सांगतलं त्याले?”

“तार पोचली म्हून सांगतलं.”

“मंग? माह्याबद्दल काय म्हणे तो?”

केशरबाईने बाहीवरचा हात काढून घेतला. पदर डोक्यावर ओढला, आणि नवऱ्याचे शेवटचे कडू बोल पोटातच ठेवून, पायरी उतरून ती उन्हात चालू लागली.