परसातले पिवळे डाग

घड्याळजींच्या घरामागे दहा पावलांचं परस होतं आणि त्यात ऊन म्हणून पडायचं नाही. एका अंगाला त्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारच्या कंपाउंडरची, वर झाडाची दाट सावली. तीनदा त्यांनी तिथे हिरवळ लावली आणि तिन्ही वेळा तिने महिनाभरात मान टाकली. मग गळक्या नळाखालच्या दगडावर बोटभर शेवाळ दिसलं, तेव्हा ते म्हणाले, "जे आपणहून येतंय, त्यालाच बस म्हणावं."

दुकान बंद करून तेव्हा वर्ष झालं होतं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला रिकामे हात खायला उठतात. ओल्या भिंतींवरून, गटाराच्या काठावरून त्यांनी शेवाळाच्या चकत्या खरवडून आणल्या, जमीन सारखी करून अंथरल्या आणि तळव्याने दाबून बसवल्या. दगडांवरही चढावं म्हणून आंबट ताकात शेवाळ कालवून ब्रशने फासलं.

"घरच्यांना ताक नाही आणि दगडांचा पाहुणचार चाललाय," बायको म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच उरलेलं ताक वाटीत काढून ठेवलं.

रोज सकाळी फवारा मारायचा आणि मग दुकानातल्या बारीक चिमट्याने पानं, काड्या, डोकं वर काढणारं गवत वेचायचं. चार वर्षांत मागच्या दारापासून भिंतीपर्यंत जाड हिरवा गालिचा झाला. कंपाउंडर बुद्धिबळाला आला की चपला काढून त्यावर पाय सोडून बसायचा आणि हरला तरी उठायचा नाही.

पाचव्या वर्षी बायको कपडे वाळत घालायला गेली आणि घसरून पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या दिवसांत घड्याळजींनी स्वयंपाक केला, करपवला, पुन्हा केला. प्लास्टर निघालं आणि सगळं मार्गी लागलं असं त्यांना वाटलं.

त्यानंतर महिन्याभरात पहिला डाग पडला. कंपाउंडरच्या भिंतीलगतच्या कपड्यांच्या दोरीखाली, बशीएवढा. आधी पिवळा, मग तपकिरी, मग नुसती माती. आठवड्याने शेजारी दुसरा. घड्याळजींनी मांजरावर पाळत ठेवली, पाणी बदललं, मेलेली चकती भिंगाखाली धरून पाहिली. काही उमगेना. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे डाग कंपाउंडरच्या भिंतीच्या कडेनेच आहेत. आणि कंपाउंडर गेल्या वर्षी म्हणाला होता, "तुझ्या शेवाळाने माझ्या भिंतीला ओल येतेय."

ते तडक त्याच्या दारात गेले.

"काय ओततोस भिंतीवरून?"

"मी? काही नाही."

"औषधांत जन्म गेला तुझा. काय टाकलं की काय मरतं, ते तुला नाही तर कुणाला माहीत?"

कंपाउंडरने विचारलं, "तुला खरंच तसं वाटतं?"

"वाटत नाही. खात्री आहे."

"मग माझं बोलणंच खुंटलं," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. वीस वर्षांची मैत्री तिथे संपली. घरी येऊन घड्याळजींनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "एवढं बोलायला नको होतं तुम्ही," एवढंच म्हणाली आणि घड्या घालत राहिली.

दोन महिने बुद्धिबळाचा पट कपाटात पडून होता.

एका सकाळी ते डोळे तपासायला निघाले. डॉक्टर रजेवर होते, म्हणून अर्ध्या तासात परतले आणि बोळातून थेट मागे आले. परसात बायको वाकली होती. हातात किटली होती आणि शेवाळातून वाफ निघत होती.

"काय करतेयस?"

तिने वळून पाहिलं. दचकली नाही. किटलीतलं उरलेलं पाणीही तिथेच ओतलं आणि मग सरळ उभी राहिली.

"तू होतीस," ते म्हणाले. "सगळे डाग तुझे."

"हो."

"मी त्या माणसाला काय काय बोललो. तू समोर होतीस. ऐकलंस आणि गप्प बसलीस."

"बसले." तिने मनगट चोळलं. "मी पडले तेव्हा तुम्ही धावत आलात. आठवतंय काय विचारलंत? 'खालचं उखडलं का गं?' मी हात धरून रडत होते, आणि तुम्ही आधी शेवाळ थोपटून बसवलंत."

घड्याळजींना आठवेना. मग आठवलं.

"तोंडावर सांगायचं होतंस."

"दोरीपर्यंतची वाट तेवढी मोकळी करा, असं तीनदा सांगितलं. तुम्ही 'बघू' म्हणालात."

"म्हणून असं? चोरून? आणि आळ दुसऱ्यावर येऊ दिलास?"

ती आत गेली.

ते कंपाउंडरकडे गेले. मान खाली घालून म्हणाले, "माझं चुकलं. ती होती."

"माहीत आहे," कंपाउंडर म्हणाला. "वरच्या खिडकीतून दिसतं मला. तू भांडायला आलास त्याच्या आधीपासून."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलणार? तुझ्या घरात काडी टाकू? म्हटलं, माझ्यावर राहू दे." त्याने खुर्ची पुढे केली. "बस."

घड्याळजी बसले नाहीत. एकीने रागापोटी, दुसऱ्याने भल्यासाठी, पण दोघांनीही त्यांना आंधळ्यासारखं फिरू दिलं होतं. शेवाळ मेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं, फक्त भिंगवाल्याला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारापासून दोरीपर्यंतची पट्टी खुरप्याने स्वतः काढली आणि विटा बसवल्या. बायकोने चहा आणून शेजारी ठेवला. "मापाची झाली वाट," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

महिन्याभराने कंपाउंडर पुन्हा खेळायला येऊ लागला. बोलणं सुरू झालं, हसणंही झालं. कडेचं शेवाळ हळूहळू भरून आलं. पण घराबाहेर पडताना घड्याळजी आता कधी परतणार ते सांगत नाहीत. बायकोही विचारत नाही.