लाल दिव्यावरची काळी पट्टी

मित्रांनो, मी फितीवर चालणारा एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझ्या काचेवर आता बुरशीची नक्षी उमटली आहे. पण याच काचेतून बेळगावच्या घराघरांत गाणे पोहोचले, याचा मला अभिमान आहे.

माझ्या मालकीणबाई लतिकाताई. दर रविवारी स्थानिक केबलवर त्या शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम दाखवीत. खानापूरचे तबलजी, कॅम्पातले व्हायोलिनवादक, सारे माझ्यापुढे बसून गेले. मला चालवायचा भरमू. माझ्या कपाळावरचा लाल दिवा लागला, की चित्रण सुरू झाले असे तो समजे.

एका दुपारी आम्ही बेळगुंदीला नागुबाईंकडे गेलो. वय ऐंशी, गळ्यात गुरूंनी दिलेले भांडार, आणि त्यातला एकही सूर कुठे नोंदलेला नाही. ते सारे त्यांच्याबरोबरच जाईल, या धास्तीने लतिकाताई वर्षभर त्यांना विनवीत होत्या. नागुबाई गायला बसल्या, पण दिवा पाहून दोनदा थांबल्या.

"डोळं वटारून बगतंय बग हे. सूर कसा लागंल?"

लतिकाताईंनी दिव्यावर काळी पट्टी चिकटवली आणि माझे बटण स्वतःच दाबले. भीमपलास राग असा उमलला, की अंगणातले ऊनही जागीच थबकले. भरमू तानपुऱ्यांची जागा नीट करून परतला. सवयीने त्याने दिवा पाहिला, तो दिसेना. चित्रण सुरूच झाले नाही असे वाटून त्याने बटण दाबले, आणि मी मिटलो. तासभर ते गाणे माझ्यासमोरून वाहत गेले. मला हाक मारता आली नाही.

फीत तपासताना चार मिनिटांनंतर काहीच नव्हते. भरमूने मान खाली घातली.

"चूक माझी हाय, आक्का. दिवा दिसला न्हाय, म्हणून दाबलं."

"तुझी एकट्याची व्हय रं? दिवा झाकाय लावला कुणी?" नागुबाई हसल्या.

लतिकाताईंनी पुन्हा भीमपलासच मागितला. नागुबाईंनी मावळतीकडे पाहिले.

"त्याची येळ गेली, बाई. आता मारव्याची हाय." मग उठून त्यांनी ती पट्टी स्वतःच्या नखाने काढली. "वटार म्हणावं, किती वटारतंय."

त्या सांजेचा मारवा मी पुरता टिपला. रविवारी तो केबलवर लागला, तेव्हा बेळगुंदीत एकेका दूरदर्शन संचापुढे दहा-दहा माणसे बसली होती.

आता नागुबाई नाहीत. लतिकाताई जुन्या फिती संगणकात उतरवून घेत आहेत. त्या फिती वाचणारे दुसरे यंत्र त्यांना कुठे मिळाले नाही, म्हणून मला कपाटातून काढले. भरमूने माझे पोट हलक्या हाताने पुसले. मारव्याची फीत आत गेली तेव्हा मी दोनदा अडखळलो. तिसऱ्यांदा नागुबाईंचा षड्ज स्वच्छ बाहेर आला. लतिकाताई डोळे मिटून ऐकू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी फीत असेल. ती आणि तिला बोलते करणारे यंत्र, दोन्ही जपा. ते थकण्याआधी आतला आवाज काढून घ्या. चार मिनिटांपलीकडचा तो भीमपलास आता कुणालाच ऐकवता येणार नाही. मारवा मात्र तुम्हांला ऐकता येईल.