घासलेल्या कडा

आमच्या शोरूममधले मेकॅनिक मला हेडबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं हेही त्यांना ठाऊक आहे. नाव पडलं त्याला कारण आहे. स्पोर्ट बाइक घ्यायला आलेल्या माणसाची मी आधी परीक्षा घेते, मग गाडी दाखवते. नापास झाला, तर त्यानं बोट दाखवलेली गाडी मी त्याला देत नाही. सुरुवातीला मालकांनी कपाळाला हात लावला होता. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की मी दिलेल्या गाड्या सहसा मोडून परत येत नाहीत. तेव्हापासून ते गप्प आहेत.

गिऱ्हाईक मात्र गप्प बसत नाही. समोर बाई दिसली, की निम्मे लोक माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतात, "कुणी जाणकार आहे का?" मी म्हणते, "आहे ना, बोला." तरी ते मागे बघतच राहतात. सतरा वर्षं हे चाललंय आणि सतरा वर्षं माझं डोकं दर वेळी तितकंच तडकतं. बाईला गाडीतलं काय कळतं, हा प्रश्न ज्याच्या नुसत्या भुवईत दिसला, त्याला मी कधी माफ केलेलं नाही.

पहिली काही वर्षं माझी परीक्षा तोंडी होती. किती वर्षं चालवताय? रोज, की फक्त सुट्टीला? यापेक्षा मोठी गाडी कधी हातात घेतलीय का? पण लोक थापा मारतात. विशेषतः पुरुष, आणि त्यातही सोबत मित्र असला की. आठ महिन्यांची बघता बघता आठ वर्षं होतात. म्हणून मी विचारणं सोडलं आणि टायर बघायला लागले. माणूस ज्या गाडीवर येतो ती बाहेर उभी असतेच. काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचं, वाकायचं आणि मागचा टायर बघायचा. घर ते ऑफिस सरळ रस्त्यानं जाणाऱ्याचा टायर मधोमध घासून सपाट होतो, कडा कोऱ्या राहतात. वळणावर जो गाडी नीट झुकवतो, त्याच्या टायरच्या कडाही घासलेल्या असतात. माणूस थापा मारतो, टायर मारत नाही, असं मी नव्या सेल्समनना ऐटीत सांगायची.

एवढा खटाटोप कशासाठी, तर स्पोर्ट बाइक चालवणाऱ्याचं ऐकते, जरुरीपेक्षा जास्त ऐकते. साध्या गाडीवर मूठ थोडी जास्त पिळली गेली, तर गाडी जरा उसळते आणि आपण ओशाळं हसतो. चार सिलिंडरच्या सहाशे सीसीच्या गाडीवर तीच चूक झाली, तर हसायला वेळ मिळत नाही. ब्रेकचंही तसंच. म्हणून आधी तीनशेची घ्यावी, दोन-तीन वर्षं तिच्यावर हात बसू द्यावा, काय चुका करायच्या त्या तिच्यावर करून घ्याव्यात आणि मग मोठीकडे वळावं. यात कसलाही कमीपणा नाही. हे मी शेकडो लोकांना घसा कोरडा होईपर्यंत समजावलंय. आणि ज्याला समजावायची गरजच नव्हती, नेमकी त्याच्या बाबतीत मी माती खाल्ली.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, स्वतःलाही जाड भिंगाचा चष्मा. इकडेतिकडे न बघता सरळ माझ्याशी बोलला, तिथंच माझ्याकडून त्याला दहा मार्क जास्त मिळाले. त्यानं तीनशेच्या गाडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, मला ही बघायची होती."

मी "आलेच" म्हणून बाहेर गेले. तो आला होता ती दीडशेची जुनी गाडी दारात उभी होती. मागचा टायर बघितला आणि बघतच राहिले. दोन्ही कडा अगदी टोकापर्यंत घासलेल्या, आणि दोन्ही एकसारख्या. इतक्या सफाईनं गाडी झुकवणारा माणूस मला वर्षाकाठी एखादाच भेटतो. मी खुशीतच आत आले.

"अहो, ही तुमच्यासाठी नाही. दोन महिन्यांत कंटाळाल."

"नाही, मला वाटलं, सुरुवातीला..."

"तुमची सुरुवात कधीच झालीय. मी बघून आले ना! वळणावर हात बसलाय तुमचा. टायर सांगतोय सगळं."

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, लाजला. गुणी मुलगा आहे, मिरवत नाही. मी त्याला सहाशेपाशी नेलं आणि तिच्यावर बसवलं. त्यानं दोन्ही हात हँडलवर ठेवले, पुढे वाकला, समोरच्या काचेत स्वतःला बघितलं. मी म्हटलं, "बघा, कशी शोभतेय." आयुष्यभर सगळ्यांना नापास करणाऱ्या बाईनं त्याला न विचारता पास केलं होतं. अशा वेळी नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि त्याच्या वयात मलाही जमलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात तो पडला. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका साध्या वळणात. वेग फार नव्हता. वळण मध्येच आवळत गेलं, हा घाबरला, पुढचा ब्रेक गच्च धरला आणि गाडी अंगाखालून सरकली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. जिवावरचं पायावर निभावलं, पण चार महिने तरी कुबड्या, असं डॉक्टर म्हणाले.

मोडकी गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा मी बघायला गेले. मागच्या टायरच्या दोन्ही कडा कोऱ्या होत्या. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते कडेला तसेच्या तसे होते. तीन आठवड्यांत त्यानं ती गाडी एकदाही नीट झुकवली नव्हती. तरी मी स्वतःची समजूत घातली, की नवी गाडी आहे, जपून चालवत असेल.

तेवढ्यात मालक आले. "बाई, याला विचारलं होतं ना, किती चालवलंय ते?"

"हो तर," मी म्हणाले.

"काय म्हणाला?"

"सहा-सात वर्षं."

इतकं सहज निघालं ते माझ्या तोंडून. सतरा वर्षं लोकांच्या थापा ऐकून कुठला आकडा खरा वाटतो, ते मला चांगलं माहीत झालं होतं. मालकांनी त्याच दिवशी त्याच्या घरी फोन केला आणि सांगितलं, की आमच्या बाई चौकशी केल्याशिवाय गाडी देत नाहीत, तुमच्या मुलानंच सहा-सात वर्षं सांगितली. मी शेजारीच उभी होते. पलीकडून सगळं ऐकून फोन ठेवला गेला.

दोन महिने गेले. एका दुपारी मी चहा पीत काचेशी उभी होते, तर तीच दीडशेची गाडी आमच्या दारातल्या वळणावरून आत येताना दिसली. चालवणारी बाई होती. पाठीवर अवजारांची जड पिशवी, आणि तरी वळणात गाडी इतकी अलगद झुकली आणि सरळ झाली, की मी हातातला कप खाली ठेवला. त्या कडा कुणी घासल्या होत्या ते मला कळलं. आणि ज्या भुवईवर मी सतरा वर्षं चिडत आले, ती माझ्याही कपाळावर आहे, हेही कळलं. गाडीवर पुरुष बसून आला म्हणून गाडी त्याची. ती एखाद्या बाईची असेल, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. मला! लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ती हेल्मेट काखेत धरून आत आली. तिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली. "मी त्याची मोठी बहीण," ती म्हणाली, "तो चष्म्याच्या दुकानातला. त्या गाडीचं पुढे काय करायचं, ते विचारायला आलेय. आणि तुमची माफी मागायला."

"माझी?"

"त्यानं तुम्हाला खोटं सांगितलं ना. कसली सहा-सात वर्षं! आठ महिने झाले होते, तेही फक्त रविवारी, माझी गाडी मागून, सपाट रस्त्यावर. माझं काम डोंगरावरच्या मोबाइल टॉवरचं आहे, बॅटऱ्या तपासायच्या, त्यामुळे गाडी रोज मला लागते. मीच शिकवलं त्याला. आणि पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की आपल्याला किती येतं याबद्दल कधी कुणाशी खोटं बोलायचं नाही. तुमच्या मालकांचा फोन मीच घेतला. मान वर करायला जागा राहिली नाही मला."

"आता कसा आहे तो?"

"आहे. चालतो घरातल्या घरात." तिनं हेल्मेट काउंटरवर ठेवलं. "मी बोलत नाही त्याच्याशी. संध्याकाळी आई कामावरून आली, की आईला सांगते, त्याला औषध घे म्हणावं, व्यायाम कर म्हणावं. तो ऐकत असतो तिथंच बसून. हॉस्पिटलात मला म्हणाला, 'ताई, मला कुणी विचारलंच नाही.' म्हटलं, बघा, पाय मोडला तरी याच्या थापा काही सुटत नाहीत."

मालकांच्या केबिनचं दार उघडं होतं. ते तिथूनच "चालायचंच" अशा अर्थानं मान हलवत होते. मलाही फक्त मान हलवायची होती. "जाऊ द्या हो, पोरवय आहे," एवढं म्हटलं असतं, तरी ती निघून गेली असती आणि मी हेडबाई ती हेडबाईच राहिले असते. खोटं कशाला सांगू, मी तसा विचार केला. चांगला मिनिटभर केला. पण तो मुलगा दिवसभर एकटा घरात बसलेला, खरं बोललेला, आणि घरातलं एकही माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, हे डोळ्यांसमोरून हलेना.

"तो खरं बोलतोय," मी म्हणाले.

"कोण?"

"तुमचा भाऊ. मी त्याला काही विचारलंच नव्हतं. तुमच्या गाडीचा टायर बघितला आणि परस्पर ठरवून टाकलं, की हा पट्टीचा चालवणारा आहे. त्यानं तीनशेची मागितली होती. मी त्याला तिथून हलवून सहाशेवर बसवलं. आणि ते सहा-सात वर्षं मालकांना मी सांगितलं, माझ्या मनचं. त्यानं नाही."

केबिनमधली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मालक दारात येऊन उभे राहिले. "बाई, काय बोलताय हे?" ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

ती मात्र माझ्याकडेच बघत होती. "तीनशेची मागितली होती त्यानं?"

"हो. हात ठेवून उभा होता तिच्यापाशी."

"मीच सांगितलं होतं, तीनशेचीच घे म्हणून." तिचा आवाज खाली आला. "मग तुम्हाला तसं म्हणाला का नाही?"

"म्हणायला लागला होता. मी ऐकून घेतलं नाही."

मला वाटलं, आता ती तोंड सोडेल. सोडलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. ती काउंटरला धरून उभी राहिली, मग शेजारच्या खुर्चीवर बसली.

"तुम्ही एकदा ऐकलं नाहीत," ती म्हणाली. "मी दोन महिने ऐकलं नाही. रोज समोर असून." थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्याशी काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. ते राहिलंय, हे लक्षात ठेवा."

"ठेवते."

तिनं खिशातून फोन काढला. नंबर लावला आणि लगेच बंद केला. पुन्हा लावला. दुपारची वेळ, शोरूममध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. तिकडून फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई? काय झालं? आईला काय झालं?"

ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"ताई, बोल ना गं! कुठं आहे ती? मी येतो, कुठं यायचं ते फक्त सांग." काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, बहुतेक कुबडी निसटली असावी, आणि पाठोपाठ तो कळवळला.

"अरे, बस. बस तू आधी खाली," ती म्हणाली. दुसऱ्या हातानं तिनं डोळे झाकले होते. "आई बरी आहे. सगळे बरे आहेत. मी फोन तुझ्यासाठीच केलाय."